बाई, तुम्ही परत येणार ना?

यंदा भाद्रपदात आम्ही लोणावळ्याला गेलो होतो. मंडळी चिक्कीच्या दुकानात रमली आणि मी एकटाच औंढ्याच्या रस्त्याला लागलो. भात पोटरीला आलेला, लोहगडाचा माथा ढगात. पण माझे पाय जड झाले होते. 1994 साली, मी तरुण प्राथमिक शिक्षक असताना, याच बाजूच्या एका वाडीवर माझी बदली झाली होती. एका नातेवाइकाच्या वशिल्याने मी ती रद्द करून घेतली. चिखल कसा तुडवायचा, बिऱ्हाड कुठे करायचे, हे प्रश्न मला पडले. तिथल्या मुलांचे काय, हा प्रश्न मात्र पडलाच नाही!

ती शाळा पाहिली. चार इयत्ता, पट अकरा, कोपऱ्यात गळतीखाली ठेवलेली बादली. शिकवणाऱ्या बाई तिशीच्या. मी जुना शिक्षक असे कळल्यावर मोकळेपणाने बोलल्या, “गुरुजी, इथं तीन वर्षं भरली. आता बदलीचा हक्क मिळाला.” आनंदाने म्हणाल्या, आणि लगेच मुलांकडे पाहून गप्प झाल्या.

वाचकहो, यातली मौज पाहा. 2017 च्या बदली धोरणाने आडवळणाच्या शाळा ‘अवघड क्षेत्रा’त घातल्या. तिथे तीन वर्षे काढली की शिक्षकाला बदली मागण्याचा अधिकार मिळतो. म्हणजे अवघड शाळेत नेटाने काम केल्याचे बक्षीस कोणते? तर ती शाळा सोडून जाण्याची मुभा! घरभाडे भत्त्याचीही तीच तऱ्हा. तो शहराच्या वर्गवारीवर ठरतो; पुण्यात सर्वांत वरचा, खेड्यात सर्वांत खालचा. शाळेचे वार्षिक अनुदान पटावर. पण मावळातला पाऊस पट मोजून थोडाच कोसळतो?

तुम्ही म्हणाल, निकाल चांगला लावणाऱ्याला इनाम द्या, म्हणजे झाले. ही कल्पना जुनी आहे. इंग्लंडने 1862 मध्ये शाळांचे अनुदान निकालाला बांधले, तेव्हा शिक्षक तपासनिसासाठी घोकंपट्टी करून घेऊ लागले. शतक संपण्यापूर्वीच ती पद्धत मोडीत निघाली. उलट आंध्र प्रदेशातल्या ग्रामीण सरकारी शाळांत 2005 पासून मुलांच्या प्रगतीवर शिक्षकांना बक्षीस देण्याचा प्रयोग झाला, आणि गुण खरोखर वाढले. तेव्हा इनाम वाईट नव्हे. पण ते हजर असलेल्या शिक्षकाला हुरूप देते; नसलेल्याला डोंगर चढवून आणत नाही.

हा भेद आपल्या पुण्यातल्याच एका माणसाने फार पूर्वी ओळखला होता. ऑक्टोबर 1882 मध्ये जोतीराव फुल्यांनी हंटर आयोगाला निवेदन दिले. खेड्यातल्या शिक्षकाला दरमहा निदान 12 रुपये, मोठ्या गावी 15 ते 20 द्यावेत, जास्त मुले उत्तीर्ण करणाऱ्याला पगाराखेरीज भत्ता द्यावा, आणि लोकल फंडाचा निम्मा भाग प्राथमिक शिक्षणाला राखावा, असे त्यांनी सुचवले. मात्र केवळ निकालावर अनुदान देण्याची पद्धत गरीब, शिक्षणाची गोडी न लागलेल्या लोकांत चालणार नाही, हेही बजावले. आधी सरकारने तिथे शाळा उभी करावी, हा त्यांचा आग्रह.

माझी सूचना याच वाटेने जाणारी आहे. अवघड शाळेत राहणाऱ्या शिक्षकाचा भत्ता दरवर्षी चढता ठेवा. चौथ्या वर्षी तिसऱ्याहून अधिक, पाचव्या वर्षी त्याहून अधिक. बदलीचा हक्क राहू द्या, पण राहण्यालाही मोल येऊ द्या. अनुदान ठरवताना पटाबरोबर वाट, पाऊस आणि छप्पर मोजा. भत्ता घेऊन दांडी मारणारे निघतील, हा आक्षेप खरा. त्यासाठी 2009 च्या कायद्याने केलेली शाळा व्यवस्थापन समिती आहे. तिच्यात तीन चतुर्थांश पालक असतात. गुरुजी येतात की नाही, हे आईबापांहून अधिक कोणाला ठाऊक?

खर्च वाढेल, हे मी नाकारत नाही. पण सोयीच्या शाळेत शिकलेली आपली मुले याच पैशांतून मोठी झाली.

निघताना शाळा सुटली. एक चिमुरडी बाईंच्या पदराला धरून विचारत होती, “बाई, दिवाळीनंतर तुम्ही येणार ना?”

बाईंनी तिचे दप्तर सारखे केले. उत्तर दिले नाही. 1994 साली मला असे विचारायला कोणी नव्हते. कारण मी तिथवर गेलोच नव्हतो.