नियमगिरीच्या बारा ग्रामसभा

ओडिशात रायगडा आणि कालाहांडी जिल्ह्यांच्या सीमेवर नियमगिरीची डोंगररांग आहे. डोंगरिया कोंध आदिवासी तिथे पिढ्यान्‌पिढ्या राहतात. उतारावर ते हळद, आले, अननस, संत्री पिकवतात. माथ्यावरच्या जंगलाला मात्र कुऱ्हाड लावत नाहीत. तो माथा त्यांच्या देवाचा, नियमराजाचा. माथ्यावर मुरलेले पावसाचे पाणी झऱ्यांतून खाली येते आणि शेती जगवते. वंशधारा नदीही याच डोंगरांत उगम पावते.

या माथ्यात सात कोटी टनांहून अधिक बॉक्साइट आहे. त्यापासून ॲल्युमिनियम बनते. पायथ्याशी लांजीगडला वेदांत कंपनीचा कारखाना उभा राहिला आणि राज्याच्या खाण महामंडळाने डोंगरावर खाणीचा बेत आखला. आदिवासींनी मोर्चे काढले, रस्ते अडवले. २०१० मध्ये सक्सेना समितीच्या अहवालानंतर केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाने परवानगी नाकारली. त्याविरुद्ध महामंडळ सर्वोच्च न्यायालयात गेले.

१८ एप्रिल २०१३ रोजी निकाल लागला. न्यायालयाने वनहक्क कायद्याबरोबर धर्मस्वातंत्र्य देणाऱ्या राज्यघटनेच्या २५ आणि २६ व्या कलमांचाही आधार घेतला. हीच कलमे आपल्या मशिदींना आणि वक्फलाही संरक्षण देतात. खाणीमुळे आदिवासींच्या धार्मिक हक्कांना बाधा येते का, हे ग्रामसभांनी ठरवावे, असा आदेश झाला.

सर्व गावांना विचारा, अशी लोकांची मागणी होती. राज्य सरकारने बाराच गावे निवडली. जुलै-ऑगस्टमध्ये न्यायाधीशांच्या उपस्थितीत सभा झाल्या. स्त्री-पुरुष उभे राहून आपल्या भाषेत बोलले. देवाचे स्थान खाणीच्या जागेपासून दूर आहे, हा युक्तिवाद त्यांना मान्य नव्हता. सारा डोंगरच नियमराजाचा, असे त्यांनी सांगितले. बाराही गावांनी एकमुखाने नकार दिला. जानेवारी २०१४ मध्ये मंत्रालयाने खाणीचा प्रस्ताव फेटाळला. राज्याने पुन्हा प्रयत्न केला, पण २०१६ मध्ये न्यायालयाने तोही ऐकला नाही.

बॉक्साइट अजून डोंगरातच आहे, त्यामुळे तिथल्या लोकांना जागे राहावेच लागेल. आपणही स्वतःला एक प्रश्न विचारू या. कब्रस्तानची जागा असो, गावचा तलाव असो की शेजाऱ्यांची देवराई, हे विषय ग्रामसभेत मांडता येतात. आपल्या घरातून तिथे कोण जाते? आणि घरातल्या स्त्रिया?