खाऱ्या वाऱ्यात फुलणारी झाडे

कोकण किनाऱ्यावरच्या बागेला थंडीचा त्रास नसतो. समुद्राच्या शेजारामुळे तिथे डिसेंबर-जानेवारीतही पारा १५ अंशांच्या खाली क्वचितच उतरतो आणि मे महिन्यात देशावरच्यासारखी होरपळही होत नाही. अडचणी वेगळ्याच आहेत. वर्षाचा सुमारे ३००० मिलिमीटर पाऊस जवळजवळ सगळा जून ते सप्टेंबरमध्ये कोसळतो आणि पुढचे आठ महिने जमीन कोरडी पडत जाते. पावसाळ्यातला नैर्ऋत्येचा वारा मिठाचे बारीक तुषार घेऊन येतो. हे मीठ पानावर बसते, पेशींतले पाणी ओढून घेते आणि पानांच्या कडा करपतात. रोपवाटिकेतून हौसेने आणलेला गुलाब समुद्रालगतच्या अंगणात एका पावसाळ्यातच रया गमावतो, तो यामुळेच. याच किनाऱ्यावर आणि त्यामागच्या सड्यांवर, खाडीकाठी, देवरायांत मात्र अशी कितीतरी देखणी झाडे आहेत, की ज्यांना हा वारा जन्मापासून ओळखीचा आहे. बागेत ती फारशी कोणी लावत नाही, ही खेदाची गोष्ट आहे.

बाग समुद्राच्या तोंडावर असेल, तर आधी आडोसा हवा. ३ जून २०२० रोजी आलेल्या निसर्ग चक्रीवादळात श्रीवर्धन परिसरातल्या नारळ-पोफळीच्या वाड्या आडव्या झाल्या. तसे वादळ रोज येत नाही, पण वारा रोज असतो. गडगा कितीही उंच घातला तरी वारा त्यावरून पलीकडे उतरतो आणि आत भोवरे करतो. झाडांची दाट रांग त्याचा जोर मोडते आणि मीठही अडवून धरते. यासाठी सर्रास सुरू लावतात. सुरू बाहेरून आलेला, आणि त्याला शोभेचे म्हणावे असे फूल नाही. त्याऐवजी उंडी लावावी. तिचे पान जाड, तुकतुकीत, आणि मधल्या शिरेपासून कडेपर्यंत कंगव्याच्या दातांसारख्या बारीक समांतर रेषांनी भरलेले असते. पांढऱ्या सुवासिक फुलांच्या मध्यभागी सोनेरी पुंकेसरांचा झुबका असतो. तिच्या बियांचे कडू तेल पूर्वी दिव्यांत जाळत आणि होडीच्या लाकडाला चोपडत. उंडीच्या जोडीला भेंड, म्हणजे पारोसा पिंपळ, चालतो. त्याचे फूल सकाळी फिकट पिवळे असते, पोटात गडद तांबडा डाग असतो आणि मावळतीपर्यंत तेच फूल जांभळट गुलाबी होते. निव्वळ वाळू असेल तिथे मर्यादावेल पसरू द्यावी. आपट्यासारखी पाने आणि जांभळी फुले असलेली ही वेल वाळू धरून ठेवते.

वाडीच्या खालच्या अंगाला, पाणी तुंबणाऱ्या जागेत, बहुतेक लोक भराव घालतात. तीच जागा समुद्रफळाला लागते. दिवसा पाहणाऱ्याला हे झाड नुसते हिरवे दिसते. पावसाळ्यात त्याच्या फांद्यांवरून हातभर लांबीचे, कळ्यांनी भरलेले तुरे माळेसारखे खाली लोंबतात आणि अंधार पडल्यावर एकेक कळी उमलू लागते. फुलाच्या पाकळ्या लहान. खरी शोभा आहे ती पांढऱ्या-गुलाबी तंतूंच्या गोंड्याची. पतंग रात्रभर फुलांवर येत राहतात. पहाटे दार उघडेपर्यंत फुले गळून गेलेली असतात आणि झाडाखाली, डबके असेल तर पाण्यावरही, तंतूंचा गुलाबी सडा पडलेला असतो. म्हणून हे झाड खिडकीतून दिसेल असे लावावे. फळे ठेचून पाण्यात टाकली तर मासे गुंगतात, इतकी ती विषारी असतात. लहान मुलांच्या हाती ती पडू देऊ नयेत.

सुगंधाच्या बाबतीत सुरंगीला तोड नाही. उंडीच्याच कुळातले हे सदाहरित झाड पश्चिम घाट आणि त्याच्या पायथ्याचा किनारा एवढ्याच पट्ट्यातले आहे. फेब्रुवारी-मार्चमध्ये त्याच्या पानांखालच्या उघड्या, जून फांद्यांवर वाटाण्याएवढ्या गोल कळ्यांचे घोस फुटतात. कळीचे बाह्य आवरण दोन शकलांत उकलते, आत चार पांढऱ्या पाकळ्या आणि पिवळ्या केसरांचा दाट पुंजका. कळ्या उमलण्याआधी, उजाडता उजाडता काढाव्या लागतात. वेंगुर्ले परिसरात बायका त्यांचे वळेसार गुंफून बाजारात विकायला आणतात. हे फूल वाळले तरी त्याचा वास जात नाही, कपड्यांच्या पेटीत घातलेले वळेसार कितीतरी दिवस दरवळत राहते. बियांपासूनचे रोप फुलायला दहाएक वर्षे घेते, आणि काही झाडांवर नुसती नरफुले येतात, त्यांना फळ धरत नाही. कलम मिळाले तर थांबणे बरेच कमी होते. तरीही ज्याच्याकडे दोन गुंठे जागा आणि थोडा धीर आहे, त्याने एक सुरंगी लावावीच.

वेलींमध्ये कळलावीचा मान पहिला. तिचा कंद नांगराच्या फाळासारखा वाकडा असतो, त्यावरूनच संस्कृतात तिला लांगली म्हणतात. पहिल्या पावसाबरोबर कोंब वर येतो. या वेलीला वेगळे ताणे नसतात. पानाचे टोकच लांबून तारेसारखे वळते आणि शेजारच्या झुडपाला पकडते. फूल खाली मान घालून उमलते, त्याच्या सहा पाकळ्या मात्र उलट वर वळतात, नागमोडी कडांच्या ज्वाळा असाव्यात तशा. कळी हिरवी, मग बुडाशी पिवळी आणि टोकाला केशरी, शेवटी सगळीच लालभडक. एका वेलीवर हे सगळे रंग एकाच वेळी दिसतात. फुलण्याचा काळ गणपती-गौरीचा, त्यामुळे कोकणात काही ठिकाणी हिला गौरीचे हात म्हणतात. डच अधिकारी हेन्ड्रिक व्हान ऱ्हीड याने मलबारच्या वनस्पतींवर तयार करवलेल्या आणि १६७८ ते १६९३ या काळात छापलेल्या 'हॉर्टुस मलाबारिकुस' या बारा खंडांच्या ग्रंथात ती 'मेंदोनी' नावाने आहे. रंगभट, विनायक पंडित आणि आपुभट या कोकणी वैद्यांनी या ग्रंथाच्या कामात मदत केली आणि त्यांचे नागरी लिपीतले कोकणी निवेदन त्यात छापलेले आहे. कळलावीच्या सर्व भागांत, कंदात तर विशेषच, कोल्चिसिन हे जहाल विष असते. कंद हाताळल्यावर हात धुवावेत, आणि गुरे किंवा लहान मुले फिरतात तिथे ही वेल लावूच नये. पावसाळा सरला की वेल वाळते. मेली असे समजून माळी ती जागा खणून टाकतात; कंद जमिनीत जिवंत असतो, त्याला उन्हाळाभर पाणी घालायचे नसते.

असाच खाली झोपणारा पेव. नारळाच्या सावलीत त्याचे खोड गोल जिन्यासारखे पीळ घेत वर जाते आणि टोकाला तांबड्या कणसातून पांढरी, चुरगळलेल्या रेशमासारखी फुले एकेक करून बाहेर येतात. जांभ्या दगडाच्या उथळ मातीत अंजनी उत्तम. फुलली की तिच्या फांद्या निळ्या-जांभळ्या झुपक्यांनी मढतात, छाटणीही ती सोसते, त्यामुळे कुंपणाला चालते. भूतकेशीच्या लहान केशरी फुलाशेजारी एक संदल वाढून पांढरे पान होते आणि ते दुरूनही डोळ्यांत भरते.

आंबा-फणसाच्या खोडाची जागा आमरीसाठी, म्हणजे ऑर्किडसाठी, आहे. सीतेची वेणी मे-जूनमध्ये गुलाबी ठिपक्यांच्या फुलांचा घट्ट तुरा सोडते. आसामात बिहूच्या वेळी हीच फुले मुली केसांत माळतात, आणि ते त्या राज्याचे राज्यपुष्प आहे. तिला माती लागत नाही. पावसाच्या तोंडावर नारळाच्या सोडणाचा तुकडा आधाराला घेऊन रोप सुतळीने खोडाला बांधावे, मुळे उघडी ठेवावीत. पावसाळ्यात ती सालीला धरतात. जंगलातून ओरबाडलेले रोप मात्र कधीही घेऊ नये. अशा तोडीने आसपासच्या राया ओक्या होत आहेत आणि तिथून आणलेली बरीच रोपे बागेत वर्षभरही टिकत नाहीत.

लागवड पहिला पाऊस चांगला मुरल्यावर, जूनच्या उत्तरार्धात करावी, म्हणजे मुळांना कोरडे दिवस येण्यापूर्वी तीन महिने मिळतात. कातळावर सुरुंग लावून खोल खड्डा करण्यापेक्षा जांभ्याच्या चिऱ्यांनी बांधलेला हातभर उंचीचा वाफा बरा, कारण खड्ड्यात पावसाचे पाणी साठून मुळे कुजतात. ऑक्टोबरपासून आळ्यात पालापाचोळा आणि सोडणे उताणी न ठेवता पालथी घालावीत. उताण्या सोडणात पाणी साचून डास होतात. पहिली दोन वर्षे उन्हाळ्यात आठवड्यातून दोनदा पाणी पुरते. पाऊस थांबल्यावर समुद्राकडच्या रोपांची पाने एकदा गोड्या पाण्याने धुऊन घ्यावीत, कारण मिठाचा थर धुऊन काढणारा पाऊस त्यानंतर थेट पुढच्या जूनमध्येच येतो.