शस्त्र, परवाना आणि लोकमत : लेखांक सातवा – बोली कोणाची, बंदूक कोणाची?

परवान्याचा अर्ज, पोलिसांचा अहवाल आणि जिल्हादंडाधिकाऱ्याचा हुकूम या तीन पायऱ्या चढून आपण मागील लेखांकात थांबलो होतो. हुकूम अनुकूल झाला तरी अर्जदाराच्या हाती पडतो तो केवळ कागद. बंदूक त्यानंतर कोठून तरी विकत घ्यावी लागते, आणि ती खरेदी हाच या आठवड्याचा विषय आहे. दुकानातील खरेदीवर फार शाई खर्च करण्याचे कारण नाही. विकणाराही परवानाधारक, घेणाराही परवानाधारक, आणि दोहोंच्या दप्तरी नोंद, असा तो सरळ व्यवहार आहे. विचारात पाडते ती जुन्या हत्याराची खरेदी : एका घरातून दुसऱ्या घरात जाणारी, किंवा बोलीने होणारी.

लिलावाचा स्वभावच असा की, त्यात विकणारा माल दाखवितो आणि पैसा पाहतो. माणूस पाहत नाही. नवापूरच्या किनाऱ्यावर (नंदुरबारकडील नवापूर नव्हे, बोईसरच्या पश्चिमेस, समुद्रालगत, पालघर तालुक्यात वसलेले आमचे नवापूर) होडीतून उतरलेल्या पापलेटासाठी ज्याची बोली सर्वांत वर गेली, त्याला त्याचे वय, चारित्र्य वा पूर्वायुष्य कोणी विचारीत नाही, आणि विचारण्याजोगे त्यात काही नाहीही. शस्त्राच्या बाबतीत कायदा नेमका उलट बाजूने आरंभ करतो. १९५९ चा शस्त्र अधिनियम, जो १ ऑक्टोबर १९६२ पासून अंमलात आला, त्याला बंदुकीच्या किमतीशी कर्तव्य नाही. ती कोणाच्या हाती जाणार एवढाच त्याचा प्रश्न आहे. एकवीस वर्षे पूर्ण न झालेला, मनाने अस्थिर असलेला, अथवा हिंसेच्या गुन्ह्यासाठी शिक्षा होऊन ठरावीक मुदत न उलटलेला मनुष्य सर्वांत मोठी बोली बोलला, तरी तो खरेदीदार होऊ शकत नाही. लिलाव पैशाची परीक्षा घेतो आणि परवाना माणसाची. या दोन परीक्षांचा क्रम चुकला तर काय होते, हे समजल्यावाचून शस्त्रखरेदीविषयीचे लोकमतही समजत नाही.

हा क्रम चुकू नये म्हणून अधिनियमाच्या पाचव्या कलमात एक साधी तजवीज आहे, आणि साध्या तजविजींचे होते तसे तिच्याकडे फारसे कोणाचे लक्ष जात नाही. स्वतःच्या उपयोगासाठी कायदेशीरपणे बाळगलेली बंदूक दुसऱ्या पात्र इसमास विकण्याची मुभा सामान्य परवानाधारकासही आहे. मात्र त्याने जिल्हादंडाधिकाऱ्यास किंवा जवळच्या पोलीस ठाण्याच्या अंमलदारास आपला इरादा, तसेच घेणाऱ्याचे नाव व पत्ता लेखी कळविला पाहिजे, आणि त्यानंतर पंचेचाळीस दिवसांची मुदत लोटू दिली पाहिजे. लिलावाचा सारा जोर ज्या क्षणिक उत्साहावर असतो, त्याला ही मुदत छेद देते. बोली एका श्वासात वाढते; पंचेचाळीस दिवसांत मनुष्याला पुन्हा विचार करता येतो आणि पोलिसालाही त्याच्याविषयी चौकशी करता येते.

जुन्या हत्याराला एवढी मागणी असण्याचे कारणही सरकारी धोरणातच आहे. १९८० च्या दशकाच्या मध्यापासून खाजगी व्यक्तींनी परदेशी बंदुका मागविणे जवळजवळ बंद झाले, आणि त्यामुळे त्यापूर्वी देशात आलेल्या विलायती रिव्हॉल्व्हरांना व दुनळींना गुणापेक्षा दुर्मिळतेची किंमत चढली. याच काळात सीमाशुल्क खात्याने जप्त केलेली परदेशी हत्यारे खुल्या बाजारात न येता खासदार आणि उच्चपदस्थ अशा निवडक मंडळींना बाजारभावाच्या मानाने अल्प किमतीत दिली जात, ही गोष्ट माहितीच्या अधिकारामुळे पुढे उजेडात आली आणि तिच्यावर बरीच टीका झाली. टीकेचा रोख लक्षात घेण्याजोगा होता. जप्त हत्यारे विकूच नयेत, असे म्हणणारे थोडे. आम्हांस का नाहीत, असा सूर अधिक. परवाना ही सुरक्षिततेची बाब नसून मानाची बाब आहे, अशी जी समजूत आपल्याकडे फार जुनी आहे, तिचेच हे दर्शन होते.

ही समजूत आपल्याला इंग्रजांनी दिली. सत्तावनच्या उठावानंतर मुलूख निःशस्त्र करण्याचे जे सत्र सुरू झाले, त्याला व्हाइसरॉय लिटनच्या कारकीर्दीतील १८७८ च्या शस्त्र कायद्याने पक्के रूप दिले. एतद्देशीयांस परवाना सक्तीचा आणि युरोपियनांस माफी, असा तो उघड भेद होता. जव्हारच्या मुकणे घराण्यासारख्या संस्थानिकांनाही सवलत, आणि पदवीधारकांपैकी काहींना ती कृपेने मिळे. मग बंदूक ही दिवाणखान्यातील शोभेची आणि सरकारदरबारी असलेल्या वजनाची खूण होऊन बसली, यात नवल काय? १८८७ च्या मद्रास अधिवेशनापासून काँग्रेस या कायद्याविरुद्ध ठराव करीत होती. अहिंसेचे उपासक गांधीजीदेखील १९१८ मध्ये त्याची गणना ब्रिटिश राज्याच्या सर्वांत काळ्या कृत्यांत करीत होते. आणि १९३१ च्या कराची ठरावात नियमांच्या अधीन राहून शस्त्र बाळगण्याचा हक्क मूलभूत हक्कांच्या यादीत समाविष्ट झाला होता. पुढे डिसेंबर १९४८ मध्ये घटना समितीत हरि विष्णु कामत यांनी तोच हक्क घटनेत घालण्याची सूचना मांडली, तेव्हा मात्र डॉ. आंबेडकरांनी तिला विरोध केला आणि ती फेटाळली गेली. घटनेच्या एकोणिसाव्या कलमात आज आहे तो हक्क शांततेने आणि निःशस्त्रपणे एकत्र जमण्याचा. सतरा वर्षांत राष्ट्रीय लोकमत एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे आले, याचे कारण मला तरी फार गूढ वाटत नाही : राज्य परक्याचे असताना जी बंदूक हक्क वाटत होती, ती राज्य आपले झाल्यावर, आणि फाळणीचा रक्तपात पाहिल्यावर, जोखीम वाटू लागली.

आमच्या या भागापुरते बोलावयाचे तर तेथे लोकमत घडले ते ठरावांनी नव्हे. १४ ऑगस्ट १९४२ रोजी पालघरला मोर्चावर झालेल्या गोळीबारात पाचजण हुतात्मे झाले. १९४५ च्या ऑक्टोबरात तलवाड्यास जमलेल्या वारल्यांवर गोळ्या झाडल्या गेल्या. मांगेला असो, भंडारी असो वा वारली, या किनाऱ्यावरील आणि त्यामागील डोंगरातील बहुसंख्य माणसांनी बंदूक पाहिली ती नळीच्या समोर उभे राहून. दस्त्याच्या बाजूने ती पाहणारी घरे मोजकी, बागायतदारांची आणि सावकारांची. म्हणून बंदुकीचा परवाना कडक असावा का, असे येथे कोणास विचारले, तर ‘असायलाच पाहिजे’ हे उत्तर बिनदिक्कत येते. प्रश्न थोडा फिरवून विचारावा : तुमच्या आजोबांची ठासणीची बंदूक सरकारजमा करावी का? येथे आवाज बदलतो. ती घरातली चीज, तिच्याकडून कोणाला काय अपाय, अशी कैफियत सुरू होते. दुसऱ्याच्या बंदुकीविषयी कठोर आणि आपल्या बंदुकीविषयी सैल, असे हे लोकमत आहे, आणि ते केवळ आमच्या तालुक्याचे नव्हे.

२०१९ साली दिल्लीत जे घडले ते याचीच साक्ष देते. एका परवानाधारकास तीनपर्यंत बंदुका बाळगण्याची पूर्वीची मुभा कमी करून एकच ठेवावी, असा केंद्र सरकारचा मूळ प्रस्ताव होता. परंतु वारसाने हत्यारे आलेली घराणी आणि नेमबाज यांनी आक्षेप घेतल्यावर संसदेत ती संख्या दोन करण्यात आली, आणि वारसा हक्काने आलेल्या शस्त्रासही तीच मर्यादा लागू झाली. तिसरी बंदूक एका वर्षात पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक व्यापाऱ्याकडे जमा करावयाची होती. त्याच दुरुस्तीने लग्नकार्यात किंवा मिरवणुकीत निष्काळजीपणे हवेत बार काढून इतरांचा जीव धोक्यात घालणाऱ्यास दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाख रुपयांपर्यंत दंड, अथवा दोन्ही, अशी शिक्षा ठेवली. तिच्याविरुद्ध कोणी फारसा ओरडा केला नाही. बार काढणारा नेहमी दुसराच असतो ना!

अमेरिकेचा दाखला येथे देतात तो बहुधा आपल्याला बरे वाटावे म्हणून. तेथे परवानाधारक दुकानदाराने प्रत्येक ग्राहकाची पूर्वतपासणी करावी, असा १९९३ चा ब्रॅडी कायदा आहे. पण एका खाजगी इसमाने दुसऱ्यास विकलेल्या बंदुकीला संघराज्याचा तो नियम लागत नाही, आणि कित्येक राज्यांत शस्त्रप्रदर्शनांतील व घरगुती मालमत्तेच्या लिलावांतील व्यवहार त्या फटीतून निसटतात. अशा सर्व विक्रींना तपासणी लागू करावी, असे म्हणणारे तेथे वारंवार घेतलेल्या जनमत चाचण्यांत दहांत आठ-नऊ निघतात, तरी संघराज्याचा कायदा तेवढा पुढे जात नाही. आपल्याकडे ती फट पाचव्या कलमाने प्रारंभीच बुजविली आहे, हे समाधान रास्त; पण देशी कट्टा ना दुकानात मिळतो ना लिलावात, आणि त्याला पंचेचाळीस दिवस थांबावेही लागत नाही, हे विसरून ते समाधान मानू नये.

शस्त्राच्या लिलावाला सार्वजनिक टाळ्या मिळाल्याचा प्रसंगही अलीकडचाच आहे. नागपूरकर भोसले घराण्याचे संस्थापक, सेनासाहेबसुभा रघूजीराजे यांची तलवार २०२५ च्या एप्रिलात लंडनमधील सदबीच्या लिलावात निघाली, आणि महाराष्ट्र सरकारने मध्यस्थामार्फत सुमारे सत्तेचाळीस लाख रुपयांस ती मिळवून ऑगस्टमध्ये मुंबईस आणली. येथे सरकारच बोली लावणारे झाले आणि लोकांनी त्याचे स्वागत केले. कारण ती तलवार आता कोणाच्या कमरेला लागणार नव्हती. शस्त्राचे शस्त्रपण संपून त्याची वस्तू झाली की लोकमत आणि लिलाव यांच्यात वैर उरत नाही.

हाच न्याय आपल्या भिंतीवरील ठासणीच्या बंदुकीला लावण्याचा मोह अनेकांना होतो, म्हणून एक खुलासा करून हा लेखांक आटोपतो. अधिनियमाच्या पंचेचाळिसाव्या कलमात कालबाह्य किंवा पुराणवस्तूच्या मोलाच्या हत्यारांना सूट आहे खरी. परंतु ती अट पुरी वाचावी. दुरुस्त करूनही जे अग्निशस्त्र म्हणून चालविता येणार नाही, त्यालाच ती सूट आहे. केवळ जुने, गंजलेले किंवा वर्षानुवर्षे न उडविलेले हत्यार तिच्यात बसत नाही. तेव्हा परवानाधारक वडील निवर्तले असतील, तर वारसाने हत्यार विनाविलंब पोलीस ठाण्यात अथवा परवानाधारक व्यापाऱ्याकडे जमा करून पोच घ्यावी, आणि ते ठेवावयाचे असल्यास स्वतःच्या नावे परवान्यासाठी अर्ज करावा. पालघर हा १ ऑगस्ट २०१४ पासून स्वतंत्र जिल्हा झाल्यामुळे नवापूर-तारापूरच्या अर्जदारास आता ठाण्यास हेलपाटे घालावे लागत नाहीत. वसई-विरारकडील वाचकांनी मात्र ध्यानात ठेवावे की, २०२० मध्ये तेथे पोलीस आयुक्तालय स्थापन झाल्यापासून त्यांचा अर्ज पोलीस आयुक्तांकडे जातो. परवाना नको असेल, तर जमा केलेले हत्यार पात्र खरेदीदारास विकून त्याची रक्कम घेण्याचा हक्क एकविसाव्या कलमाने वारसास दिला आहे. तो हक्क मुदतीत न बजावल्यास हत्यार सरकारजमा होते, आणि मग आजोबांच्या आठवणीचा दाखला देऊन ते परत मिळत नाही. पुढील आठवड्यात काडतुसांची खरेदी आणि तिचा हिशेब.

(क्रमशः)