न्यूरॉनची रुतलेली बंडी

इंजिनिअरिंगच्या अंकात मेंदू कशाला, असं मेसमध्ये कुणी विचारण्याआधीच सांगतो, हा लेख फोर्सबद्दल आहे.

गर्भाच्या मेंदूत बहुतेक नवे न्यूरॉन आतल्या पोकळीलगत जन्मतात आणि त्यांची नेमणूक असते बाहेरच्या थरात. तिथवर स्वतःच चालत जायचं! वाटेला रेडियल ग्लिया पेशींचे लांब धागे असतात. त्यांना बिलगलेले न्यूरॉन पास्को राकिच यांनी १९७२ मध्ये माकडाच्या गर्भात दाखवले.

पेशी पुढे एक सोंड काढते, ती गर्दीतून घुसतेही. घोडं अडतं ते केंद्रकापाशी, कारण पेशीतला सगळ्यात मोठा आणि ताठर ऐवज तोच. आमच्या अड्याळकडे रोवणीच्या दिवसांत बांधीत बंडी रुतली की बैल समोरून ओढतात आणि दोघं-तिघं मागून चाकाला रेटा देतात. न्यूरॉनचंही तसंच. केंद्रकाभोवती मायक्रोट्यूब्यूलचे दोर असतात, त्यांवर डायनिन नावाची मोटर केंद्रकाला पुढे खेचते. मागून ॲक्टिन-मायोसिन आवळून ढकलतात. (जिममध्ये आपले दंड फुगतात ते याच मायोसिनच्या भाऊबंदांमुळे.) म्हणून चाल झटक्याझटक्याची: सोंड पुढे, थांबा, मग केंद्रकाची उडी. ओढ जास्त की रेटा, हे पेशीच्या जातीवर ठरतं.

पण न्यूटनचा तिसरा नियम इथेही सुटत नाही. ओढायचं तर पाय रोवायला हवेत. बाहेरची पकड सुटली की आतली मोटर नुसतीच चालते, घसरत्या क्लचसारखी. पुण्याच्या आयसरमध्ये अर्णब घोष यांच्या गटाने २०१६ मध्ये हेच दाखवलं. फॉर्मिन-२ हे प्रथिन कमी केल्यावर न्यूरॉनच्या टोकाची बोटं निघत होती, लांबतही होती, पण त्यांची पकड पक्की होईना आणि ओढ लागेना. कोंबडीच्या भ्रूणात तर तंतू वाटच चुकले. तिथे अख्खी पेशी नाही, तिचा तंतू पुढे सरकत होता, तरी पकडीचं गणित तेच.

आणि बैलच कमी पडले तर? डायनिनला मदत करणाऱ्या एलआयएस१ प्रथिनाचं जनुक १९९३ मध्ये सापडलं. त्याच्या दोनपैकी एक प्रत बिघडली तरी पुष्कळ न्यूरॉन वाटेतच अडकतात, मेंदूवर घड्या नीट पडत नाहीत, तो गुळगुळीत राहतो. यालाच लिसेन्सेफली म्हणतात. अशा बाळाला फिट्स येतात, बसणं-बोलणंही अवघड होतं. लोक मात्र आईने ग्रहण पाळलं नाही म्हणून तिलाच बोल लावतात! खरं तर बहुतेक वेळा हा जनुकातला बदल त्या बाळात नव्यानेच घडलेला असतो, आईवडिलांत तो नसतोच.