सायकलला दिवा घेताय? आधी मागचा घ्या!

गंगाखेड : गळीत हंगाम सुरू झाला की परभणी आणि परळीच्या रस्त्यांवर रात्री उसाचे ट्रॅक्टर धावू लागतात. त्याच अंधारात शिकवणीहून परतणारी मुले आणि दुकान बंद करून गावाकडे निघालेली माणसे सायकलवर असतात. दिवा घ्यायचा म्हटले की बहुतेक जण पुढचा झोत किती लांब जातो, तेच पाहतात. धोका मात्र पाठीमागून येतो.

ताशी ६० किलोमीटर वेगाचे वाहन सेकंदाला सुमारे १७ मीटर कापते. चालकाला सावरायला पाच सेकंद द्यायचे, तर मागचा लाल दिवा किमान ८५ मीटरवरून दिसायला हवा. रिफ्लेक्टर स्वतः उजेड देत नाही. मागच्या वाहनाचा हेडलाइट मंद असला किंवा रिफ्लेक्टर धुळीने माखला, की त्याचा उपयोग संपला. दिवा कॅरिअरवरच्या पिशवीआड जाणार नाही, असा सीटखाली उंच लावा. अंधाऱ्या रस्त्यावर तो स्थिर ठेवलेला बरा. नुसत्या लुकलुकण्यावरून अंतराचा अंदाज येत नाही.

पुढे किती लुमेन लागतात? गावात, खांबावरच्या उजेडात १०० पुरतात. गावाबाहेर खड्डा वेळेत दिसायला ३०० ते ४०० हवेत. ऑनलाइन मात्र काही शे रुपयांत ‘१०,००० लुमेन’ मिळतात! हिशेब करून पाहा. चांगला एलईडी एका वॅटला साधारण १०० लुमेन देतो. म्हणजे १०० वॅट लागतील. आत असतो बोटाएवढा एक ‘१८६५०’ सेल, त्याची ताकद जेमतेम १० वॅट-तास. सहा मिनिटांत खेळ खलास. सेलवर ‘९,९०० एमएएच’ छापले असेल तर तेही खोटे. या आकारात साधारण ३,५०० च्या वर मावत नाही. ३०० लुमेनचा प्रामाणिक दिवा याच सेलवर तीन तास चालतो.

झोत खाली, आठ-दहा मीटरवर पाडा. समोरच्या दुचाकीस्वाराचे डोळे दिपले, तर तो तुमच्याच अंगावर येईल. वरून कापलेला झोत देणारे दिवेही मिळतात. जर्मनीत तसाच दिवा लावण्याचा नियम आहे.

जुन्या डायनॅमोला चार्जिंगची कटकट नव्हती, पण सायकल थांबली की दिवा विझायचा. मोबाइलचा टॉर्च त्याहून वाईट : तो धरलेला हात ब्रेकवर नसतो.