आखाड्यातला तिसरा गडी

कुस्ती डोळ्यांनी बघायची असे आपण म्हणतो. मला विचाराल तर मातीतली कुस्ती निम्मी कानांनी बघायची असते. पनवेलच्या आसपासच्या गावांत जत्रांचे दिवस आले, की कुठे ना कुठे कुस्त्यांचा फड रंगतो. कामधंद्यासाठी घाटावरून येऊन पनवेल-कळंबोलीत स्थिरावलेली मंडळी अशा फडाला हमखास हजर. त्यांचे पाय तिकडे वळतात ते हलगीच्या आवाजाने.

वाद्य म्हणाल तर अगदी साधे. कड्यावर ताणून बसवलेले कातडे, एका हातात जाड टिपरू, दुसऱ्यात बारीक काडी. कातडे सैल पडले की जाळावर शेकायचे, की पुन्हा खणखणीत. सोबतीला घुमके आणि कैताळ. पण खरी कला आहे ती वाजवणाऱ्याच्या नजरेत. सलामी झाली, खडाखडी सुरू झाली, की ठेका संथ. एकाने पट काढायला हात घातला, की तो चढतो. पाठ मातीला टेकली, की कडकडाट! पंचाने हात उंचावण्याआधीच मागच्या रांगेतल्या पोराला निकाल कळलेला असतो.

गंमत म्हणजे सातासमुद्रापार, अमेरिकेतल्या बेसबॉलमध्येही असाच एक वादक असतो. शिकागोच्या रिग्ली फील्डवर १९४१ साली पहिल्यांदा ऑर्गन वाजला. त्याच शहरात व्हाइट सॉक्स संघाच्या मैदानावर नॅन्सी फॉस्ट या बाईंनी १९७० ते २०१० अशी तब्बल ४१ वर्षे ऑर्गन वाजवला. खेळाडू मैदानात उतरला, की त्याच्या नावाला साजेशी धून त्या वाजवत. प्रेक्षक ती ओळखून हसत.

कुठे शिकागो आणि कुठे आपली जत्रा! पण दोन्हीकडे कारण एकच असावे. बेसबॉलचा सामना घड्याळाने संपत नाही, आणि चितपट होईपर्यंतची कुस्तीही नाही. दोन पैलवान अर्धा तास नुसते एकमेकांना रेटत राहिले, तर हजारो माणसांना जागेवर धरून ठेवणार कोण? ते काम वादकाचे. गादीवरच्या कुस्तीत तीन-तीन मिनिटांच्या दोन फेऱ्या आणि गुणांचा फलक असतो. तिथे हलगीला जागा कमीच उरते. बेसबॉलमध्येही २०२३ पासून चेंडू टाकायला घड्याळ लागले आहे. राहिलेली जागा ध्वनिक्षेपकावरची तयार गाणी भरून काढतात. त्यांचा आवाज मोठा, पण त्यांना समोरची कुस्ती दिसत नाही.

मात्र ‘परंपरा टिकली पाहिजे’ असे नुसते म्हणून भागणार नाही. गावगाड्यात हलगी ही ठरावीक जातींवर लादलेली चाकरी होती. दवंडीला तीच, मिरवणुकीला तीच, मयतालाही तीच. आणि मान मात्र शून्य. डॉ. आंबेडकरांच्या चळवळीत अनेकांनी अशी हलकी मानलेली कामे स्वाभिमानाने सोडून दिली, हे योग्यच झाले. आज एखाद्या हलगीवाल्याचा मुलगा म्हणाला, की मी हे वाजवणार नाही, तर त्याला नावे ठेवण्याचा अधिकार आपल्याला नाही.

प्रश्न आहे तो वाजवू इच्छिणाऱ्याला आपण काय देतो हा. शिकागोत त्या वादक बाईंचे नाव शहराला पाठ. आपल्या कुस्त्यांच्या जाहिरातीवर देणगीदारांचे फोटो छापतात, पैलवानांचे आणि वस्तादांचे छापतात. हलगीवाल्याचे नाव मात्र शोधावे लागते. त्याची कमाई बरीचशी खूश होऊन कोणी पुढे केलेल्या नोटेवर अवलंबून.

जत्रा कमिट्यांना एवढेच सुचवावेसे वाटते. हलगीवाल्याचे मानधन आधी ठरवा, जाहिरातीत त्याचे नाव छापा आणि शेवटच्या कुस्तीनंतर विजेत्याच्या बरोबरीने त्यालाही फेटा बांधा. आणि वाचकहो, मुलांना फड दाखवायला न्याल तेव्हा थोडा वेळ त्यांना हलगीवाल्याशेजारी उभे करा. त्याची नजर कुठे आहे ते बघायला सांगा. कुस्ती त्यांना लवकर कळेल.