शिदोरी

मंडळी, नारळ तुम्ही नेहमी फोडता. पण फोडण्याआधी तो कधी नीट पाहिला आहे काय? आज आपण जरा पाहू.

आमचे गाव भाट्ये. रत्नागिरी शहरातून पूल ओलांडला की आमचे गाव लागते. काजळी नदी इथे खाडी होऊन समुद्राला मिळते. लांबच लांब पुळण आहे. कडेने सुरूची झाडे आहेत. आणि माड तर विचारूच नका. १९५५ साली नारळाचे संशोधन केंद्र निघाले, तेही इथेच. आता ते दापोलीच्या कृषी विद्यापीठाकडे आहे.

आम्ही जन्मभर शाळेत मुलांना शिकवले. पण नारळ आम्हाला शिकवला तो एका म्हाताऱ्या माळ्याने. एकदा त्याने सोललेला नारळ आमच्या हातात दिला आणि म्हणाला, "गुरुजी, ह्याला डोळे किती?" आम्ही म्हटले, "तीन." तो म्हणाला, "त्यातले दोन आंधळे. एकच उघडा." बोट लावून पाहिले तर खरेच. दोन डोळे दगडासारखे कठीण आणि एक मऊ. कोंब बाहेर येतो तो त्या मऊ डोळ्यातून. बाळाला करवंटी फोडता येणार नाही, म्हणून दार आधीच ठेवलेले.

मग त्याने रोपासाठी लावलेला, कोंब आलेला एक नारळ फोडून दाखवला. आत पाणी नव्हते. पाण्याच्या जागी कापसासारखा मऊ, गोड गोळा होता. आमच्याकडची पोरे तो आवडीने खातात. पण तो पोरांसाठी नसतो. तो खोबऱ्यातला कस शोषून घेतो आणि वरच्या कोंबाला पोचवतो. मुळे मातीत नीट रुजेपर्यंत कित्येक महिने रोप ह्या शिदोरीवर काढते.

आता असे पहा. नारळ कुठे पडणार, हे माडाला ठाऊक नसते. पाण्यात पडला तर बुडू नये, म्हणून बाहेर सोडण. आपटला तर फुटू नये, म्हणून करवंटी. खाऱ्या वाळूत पडला तरी प्यायला गोडे पाणी आत. भूक लागण्याआधी जेवण तयार. लेक सासरी जाताना आईसुद्धा इतके बारकाईने बांधून देत नाही.

ही शिदोरी कोणी बांधली? शास्त्र शिकलेले लोक सांगतात, लाखो वर्षांत हे हळूहळू घडत आले. ते खरेच आहे. पण आम्ही म्हणतो, हळूहळू घडवणाराही कोणी असेलच की! घाईने केलेले तेवढेच काम देवाचे, असे थोडेच आहे?

आता कासवाचे पाहू. कासवी पिलांना नुसत्या नजरेने पोसते, असा दाखला संत देत आले. देवाचे लक्ष आपल्यावर असते, हे सांगायला तो दाखला. खरी गोष्ट याहून नवलाची आहे. समुद्रातली कासवी रात्री पुळणीवर येते. मागच्या पायांनी खड्डा काढते. त्यात शंभरेक अंडी घालते, वाळू लोटते आणि समुद्रात निघून जाते. पुन्हा वळून बघतसुद्धा नाही. पन्नासेक दिवसांनी पिले बाहेर येतात. आई नाही, बाप नाही. तरी जिकडे उजेड दिसतो तिकडे, म्हणजे समुद्राकडे, ती धावत सुटतात. पहिले काही दिवस पुरेल एवढा अंड्यातला बलक त्यांच्या पोटात शिल्लक असतो. इथेही शिदोरी आहेच.

पण आम्ही तुम्हाला अर्धेच सांगणार नाही. ह्या पिलांतली फार थोडी मोठी होतात. काही खेकडे नेतात, काही पक्षी नेतात, काही मासे गिळतात. किनाऱ्यावर विजेचे दिवे असले तर पिले वाट चुकून गावाकडे येतात. अंडी तर माणसेच उकरून नेत. २००२ सालापासून आपल्याच जिल्ह्यातल्या वेळास गावी चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र ह्या संस्थेने राखण सुरू केली. गावकरी पहाटे पुळणीवर फिरू लागले. अंडी कुंपणात सुरक्षित पुरून ठेवायची आणि पिले निघाली की समुद्रात सोडायची, असे ते काम. म्हणजे देवाने शिदोरी बांधली खरी, पण राखण थोडी आपल्याकडेही ठेवली.

हे सगळे आम्हाला आधी कळत नव्हते. ११ नोव्हेंबर २००९ ला फयान वादळ आले. आपल्या किनाऱ्यावर त्या दिवशी काय झाले, ते जुन्या माणसांना सांगायला नको. आमच्या ओळखीतल्या एका बाईचा नवरा होडीवर गेला होता. तो परत आला नाही. तिची मुलगी आमच्या शाळेत चौथीला होती. आम्ही भेटायला गेलो. बाई भिंतीला टेकून बसली होती. म्हणाली, "गुरुजी, देवाला सगळं ठावं असतं ना? मग वादळ येणार, हे त्याला ठावं नव्हतं काय?"

आम्ही म्हणालो, "बाई, देवाची इच्छा." तिने तोंड फिरवले. तिचे बरोबर होते. ज्याच्या घरी चूल पेटलेली असते, त्याने असे बोलणे सोपे असते. आम्हाला आजही त्याची लाज वाटते.

त्याच वेळी शेजारीण भाताचे पातेले घेऊन आत आली. ती काहीच बोलली नाही. मुलीला बाजूला घेऊन तिने जेवायला वाढले. पुढे महिनाभर आळीतल्या बायकांनी पाळी लावून त्या घरी जेवण पोचवले. हिंदू घरातून गेले, मुसलमान घरातूनही गेले. आम्ही पोथीतले बोललो. देवाचे काम मात्र त्या बायकांनी केले.

मदतीच्या कागदावर त्या बाईला अंगठा उठवावा लागला. ते तिला फार लागले. वर्षभरात ती आमच्या रात्रीच्या वर्गाला येऊन बसली. 'क'ला काना द्यायला आठ दिवस गेले, पण ती हटली नाही. अंगणात तिने केंद्रातली दोन रोपे लावली. मीटरभर खोल खड्डे तिने स्वतः खणले. आता दोन्ही माड धरले आहेत.

तिच्या प्रश्नाचे उत्तर आम्ही अजून दिलेले नाही. आम्हाला ते येत नाही. देव सगळे जाणतो, यावर आमचा विश्वास आहे, आणि तिचाही आहे असे ती सांगते. पण त्या दिवसाबद्दल ती देवाशी भांडते, तेही उघड सांगते. आम्ही तिला अडवत नाही.

हवामानाचा इशारा हल्ली मोबाइलवर येतो. आळीत दोन म्हातारे तांडेल आहेत, त्यांना वाचता येत नाही. संध्याकाळी ते तिच्या पायरीवर येऊन बसतात. ती चष्मा लावते आणि एकेक शब्द सावकाश वाचून दाखवते. वारा जोराचा आहे असे तिने सांगितले, तर त्या रात्री ते होडी लोटत नाहीत.